पाहिजेत : जन्मजात इंग्रजी शिक्षक

सगळ्यात आधी जन्म नीट निवडा. परदेशातल्या विद्यापीठात इंग्रजी शिकवायचं असेल तर बाकी सगळं मागाहून जमवता येतं. पदव्या घेता येतात, अनुभव गाठीशी बांधता येतो, टायची गाठही शिकता येते. पण जन्माच्या वेळी हलगर्जी झाली असेल तर पुढे कुणाचाच इलाज चालत नाही. दक्षिण कोरियाचंच बघा. तिथे इंग्रजी संभाषण शिकवणाऱ्यांचा ई-टू व्हिसा सात देशांच्या पासपोर्टवर मिळतो : अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. यात जमैका नाही, नायजेरिया नाही, सिंगापूरही नाही. मग त्या देशांची सरकारं आपला कारभार कोणत्या भाषेत चालवतात, असले आगाऊ प्रश्न वकिलातीच्या खिडकीवर विचारू नका. मागे रांग असते.

आता कुणी जाणकार म्हणेल, विद्यापीठातल्या प्राध्यापकाचा व्हिसा वेगळा, तो ई-वन, आणि त्याला सात देशांची अट नाही. अगदी बरोबर. कायद्यात अट नाही, ती जाहिरातीत असते. कायदा सरकारचा, जाहिरात विभागप्रमुखांची, आणि अर्ज उघडतात विभागप्रमुख.

जाहिरातीतला शब्द असतो 'नेटिव्ह स्पीकर'. ही पात्रता फार सुटसुटीत आहे. हिला अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही, फी नाही. दोन वर्षांचे असताना योग्य भाषेत पाणी मागितलं की झालं. तुम्ही मात्र तेव्हा भलत्याच भाषेत पाणी मागत होतात, त्याला आता विद्यापीठ काय करणार? 'आय हॅव सीन हिम यस्टर्डे' हे वाक्य का चुकीचं आहे, हे तुम्ही दोन मिनिटांत फळ्यावर काढून दाखवाल, कारण ते शिकताना तुमची अनेक वर्षं गेली आहेत. जन्मजात माणूस मान वाकडी करून म्हणेल, 'कानाला बरं वाटत नाही.' समितीला हे उत्तर जास्त अस्सल वाटतं. तुमच्या उत्तराला घामाचा वास येतो.

अन्याय झाल्यासारखं वाटलं तर त्यावरही सोय आहे. इंग्रजी शिक्षकांची टेसॉल ही आंतरराष्ट्रीय संघटना १९६६ सालची. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या शिक्षकांबाबत भेदभाव करू नये, असं पत्रक तिने २००६ मध्ये काढलेलं आहे. पत्रक उत्तम आहे. मी ते छापून अर्जाला जोडलं होतं. एकदाच.

पुढचा टप्पा म्हणजे तुम्हाला इंग्रजी येतं याचा पुरावा. इंग्रजीत एमए केलंत, दहा वर्षं इंग्रजीतून इंग्रजी शिकवलंत, हा पुरावा नव्हे. त्यासाठी परीक्षा असते, आणि ती आयईएलटीएस असो की टोफेल, निकाल दोन वर्षं चालतो. त्यानंतर तुमचं इंग्रजी आंबलं असं धरून चालतात. मी अशी एक परीक्षा वयाच्या अडतिसाव्या वर्षी दिली. बाकावर बसलो, तर शेजारच्या बाकावर माझाच विद्यार्थी. त्याला याच परीक्षेसाठी मी तीन महिने शिकवलं होतं. तो अदबीने उठून म्हणाला, "सर, तुम्ही इथे सुपरवायझर का?" मी नुसता पेन्सिलीला टोक काढत राहिलो. निकाल लागला तेव्हा त्याला माझ्यापेक्षा अर्धा बँड, म्हणजे अर्धा गुण, जास्त होता. त्याने पेढ्यांऐवजी सल्ला पाठवला : सर, निबंधात उदाहरणं कमी पडली असतील.

प्रमाणपत्रांच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. इंग्रजी शिकवायला शिकवणारा सेल्टा नावाचा अभ्यासक्रम साधारण १२० तासांचा असतो. त्यात ६ तास खऱ्या माणसांना शिकवावं लागतं आणि मागे बसलेला निरीक्षक तुम्ही फळ्याशी किती बोललात ते टिपत असतो. दमवणारा प्रकार आहे, टाळा. ऑनलाइन प्रमाणपत्रावरही १२० तासच लिहिलेलं असतं आणि ते झोपायच्या आधी संपतं. विद्यापीठाला दोन्ही नको असतात, त्यांना टेसॉल (इथे संघटना नव्हे, इंग्रजी अध्यापनाचा विषय) किंवा उपयोजित भाषाविज्ञान यातली एमए हवी असते. पण तुम्हाला हे कळेपर्यंत सवलतीची मुदत संपलेली असते, म्हणून आधी पैसे भरून टाका.

आता कागदपत्रं. इथे घोडं पेंड खातं, आणि मनसोक्त खातं. तुमची पदवी खरी आहे हे तुमचं विद्यापीठ सांगतं. विद्यापीठ खरं आहे हे एक कार्यालय सांगतं. त्या कार्यालयाची सही खरी आहे हे दुसरं कार्यालय सांगतं. हा छळ कमी व्हावा म्हणून १९६१ मध्ये हेगला करार झाला आणि त्यातून अपोस्टिल नावाचा एकच शिक्का जन्माला आला. जो देश करारात आहे तिथे हा शिक्का पुरतो, नाही तिथे वकिलातीच्या पायऱ्या आहेतच. चीन करारात आला तो नोव्हेंबर २०२३ मध्ये. त्याआधी तिथे गेलेले लोक हे ऐकून ज्या नजरेने बघतात, ती नजर एकदा तरी पाहावी.

पोलिसांचा दाखला मात्र फार आधी काढू नका. बऱ्याच ठिकाणी तो सहा महिन्यांच्या आतला लागतो. तुम्ही गुन्हेगार नाही ही गोष्ट नाशवंत आहे. आणि फार उशिराही काढू नका, कारण तो मिळायला, त्यावर शिक्का बसायला आणि टपालाने पोचायला किती दिवस लागतील हे कुणालाच सांगता येत नाही.

गुणपत्रिकांचं एक वेगळंच. त्या विद्यापीठाने मोहोरबंद पाकिटात द्यायच्या आणि पाकीट तुम्ही फोडायचं नाही. मी सज्जनपणे अर्ज केला, दोन महिने खेटे घातले आणि पाकीट मिळवलं. घरी येऊन दिव्यासमोर धरून पाहिलं. आत एकच कागद असल्यासारखं वाटत होतं, हवे होते दोन. रात्रभर ते टेबलावर होतं आणि मी त्याच्याकडे बघत होतो. सकाळी फोडलं. आत दोन कागद होते, एकमेकांना चिकटलेले. पुन्हा दोन महिने.

अर्जाला फोटो लागतो. कोरिया आणि जपानमध्ये तो सर्रास मागतात. विचारलंत तर सांगतात की ओळखपत्रासाठी हवा असतो. ओळखपत्र नोकरी लागल्यावर लागतं आणि फोटो अर्जासोबत लागतो, या दोहोंमधलं अंतर मोजत बसू नका. उजेड भरपूर ठेवा. शक्य तितका भरपूर.

जपानकडे डोळा असेल तर शोधनिबंध हवेत. तिथल्या बऱ्याच जागा जेआरईसी-इन या संकेतस्थळावर लागतात आणि त्यात 'निदान तीन प्रकाशनं' हे वाक्य वारंवार भेटतं. घाबरू नका. आपल्याच वर्गातल्या तेवीस मुलांना एक प्रश्नावली द्या. 'मला इंग्रजी बोलायची भीती वाटते' : पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. मुलं तटस्थवर खूण करून जेवायला जातात. मग लिहा : 'द्वितीय भाषा अध्येत्यांच्या भाषणविषयक धारणा : एक प्राथमिक अभ्यास'. 'प्राथमिक' हा शब्द विसरू नका, दुय्यम अभ्यास कुणी मागत नाही. शेवटी नमुना लहान असल्याने निष्कर्ष सार्वत्रिक मानू नयेत असं लिहिलं की तुम्ही नम्र संशोधक ठरता. छापायला जागा मिळत नसेल तर खुद्द विद्यापीठांचीच नियतकालिकं असतात, त्यांना तिथे कियो म्हणतात. त्यात लिहिणारे आणि ती वाचणारे यांची संख्या जवळजवळ सारखीच, कारण माणसं तीच.

आखाती देशांतला मार्ग सरळ आहे. तिथे पदवीच्या आधी मुलांचं एक तयारी-वर्ष असतं आणि त्यात इंग्रजीच इंग्रजी. जाहिरातीत विद्यापीठाचं नाव असेल, इमारतही तीच असेल. करार मात्र कधीकधी मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीशी निघतो, आणि हा तपशील कराराच्या अकराव्या पानावर असतो. आपण पहिल्या पानावर पगार वाचून थांबायचं. आणि व्हिसासाठी आगाऊ रक्कम पाठवा असं कुणी लिहिलं तर लगेच पाठवा, निदान एक माणूस तरी तुमच्या अर्जाची वाट बघत होता याचं समाधान मिळेल.

मुलाखत पडद्यावर होते. तुमच्याकडे पहाटेचे साडेतीन, वर शर्ट आणि खाली पायजमा. समितीत तिघे होते. मला सांगितलं, दहा मिनिटांचा नमुना पाठ घ्या, आम्ही पहिल्या वर्षाची वीस मुलं आहोत असं समजा. एकाने कॅमेरा बंद ठेवून मागच्या बाकाचं काम चोख केलं. मी 'द' हे उपपद घेतलं. मधले गृहस्थ पुढे सरसावून विचारू लागले : नदीच्या नावाआधी 'द' लागतो, मग तलावाच्या नावाआधी का नाही? विद्यार्थ्याचा अभिनय फारच जमला होता. नंतर लक्षात आलं, ते खरंच विचारत होते. मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "आणि तुमची मातृभाषा?" तेही लिहून घेतलं.

तरीही मला नोकरी लागली, जपानात. कशी, तर ज्या माणसाला ती दिली होती त्याला दुसरीकडे चांगली मिळाली आणि सत्र सुरू व्हायला तीनच महिने उरले होते. तेव्हा खरा सल्ला हवा असेल तर हा घ्या : गुणवत्ता वाढवण्यात वेळ घालवू नका, कुणीतरी पळून जाईल याची वाट बघा.

करार एका वर्षाचा, नूतनीकरण कमाल चार वेळा. जपानात २०१३ पासून असा कायदा आहे की मुदतीच्या करारावर पाच वर्षांपेक्षा जास्त काम झालं तर माणूस कायम करा म्हणू शकतो. विद्यापीठांतल्या बऱ्याच शिक्षकांसाठी ही मर्यादा पुढे दहा वर्षांची केली. हेतू माणसाला स्थैर्य मिळावं हा. परिणाम असा की माणसाला पाचव्या, नाहीतर दहाव्या, वर्षाच्या शेवटी अतिशय वेळेवर निरोप मिळतो.

ती पाच वर्षं मी शिकवलं, आणि शिवाय सहकाऱ्यांचे निबंध, परिषदेचे गोषवारे, एकदा तर लिफ्टमधली सूचनाही तपासून दिली. या कामाला तिथे 'नेटिव्ह चेक' म्हणतात. पहिल्यांदा मी म्हणालो, मी नेटिव्ह नाही. ते म्हणाले, "हो, हो, म्हणूनच तुम्ही नीट तपासता."

पाचव्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कार्यालयाकडून एक पानाची फाइल आली. सोबत नेहमीची चिठ्ठी : कृपया नेटिव्ह चेक करून उद्यापर्यंत द्यावे. माझ्याच जागेची जाहिरात होती. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, अर्जदार 'ॲन नेटिव्ह स्पीकर' असावा. मी 'ॲन' खोडलं, 'अ' केलं आणि त्याच दिवशी परत पाठवलं.