जामीनदार

आम्ही दोघांनी मुलाकडे दोन महिने जाऊन राहायचं ठरवलं आणि पहिलं काम मुलाच्याच गळ्यात पडलं. व्हिसासाठी आम्हाला लेखी बोलवायचं. मुलगा जर्मनीत आहे. पाहुणे स्वतःच्या पैशाने राहणार असतील तर तसं दाखवा, नाहीतर यजमानाने आमच्या कचेरीत येऊन खर्चाची हमी लिहून द्यावी, असा तिथला कायदा. माझ्या पेन्शनकडे बघून मुलाने दुसरा रस्ता धरला.

त्या हमीपत्राचं नाव फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग. मुलाने फोनवर ते तीनदा सांगितलं. चौथ्यांदा हिने, "फेरफार ना? तो काय लवकर मिळत नसतो," म्हणून विषय मिटवला. हिच्या माहेरच्या दीड एकराचा फेरफार तलाठ्याकडे चार वर्षं लोळत होता. त्यामुळे शब्द चुकला तरी अंदाज बरोबर निघाला. मुलाला कचेरीतली वेळ मिळाली ती सात आठवड्यांनंतरची.

मी एकतीस वर्षं एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर काढली. "दोन जामीनदार आणा, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणा, घराची कागदपत्रं आणा" हे मी झोपेतही म्हणत असे, असं ही सांगते. आता माझाच मुलगा पगाराच्या स्लिपा, घराचा भाडेकरार आणि २९ युरो घेऊन कुठल्याशा टेबलासमोर बसला आणि आमचा जामीन राहिला. आमचं राहणं, खाणं, आजारपण, इतकंच काय, आम्हाला परत धाडायची वेळ आली तर तोही खर्च त्याच्या माथी. ही जबाबदारी कायद्याने पाच वर्षांपर्यंत धरलेली. सख्ख्या भावालाही जामीन राहू नकोस, असं माझ्या वडिलांनी मला बजावलं होतं आणि मी मुलाला. त्याची आठवण दिली तर म्हणाला, "बाबा, आईवडिलांचं तुम्ही काही बोलला नव्हतात."

हमीपत्राबरोबर एक साधं निमंत्रणाचं पत्रही त्याने पाठवलं. ते हिला अजिबात आवडलं नाही. आमच्याकडे पत्रिकेत 'अगत्य येण्याचे करावे' असतं, 'हेच निमंत्रण समजून' असतं, खाली चिल्ल्यापिल्ल्यांचा 'यायचं हं' असतो. इथे आमचे पासपोर्ट नंबर, जन्मतारखा, त्याचा पत्ता, आणि दुसऱ्याच ओळीत आम्ही परत कधी जाणार ती तारीख.

"उंबरा ओलांडायच्या आधीच जायची तारीख?" ही म्हणाली. "आपण कुणाला असं विचारलंय का कधी? तुमची आत्या चार दिवसांसाठी आली होती, ती चातुर्मास करून गेली."

मी म्हटलं, "अगं, आत्याला व्हिसा लागत नव्हता."

मग मुलगा आमचाच आहे हे सिद्ध करायचं ठरलं. पहिलं बाळंतपण हिच्या माहेरी झालं. नोंदवायला गेला माझा मेहुणा. त्याने बहिणीचं माहेरचं नाव सांगितलं. बारसं व्हायचं होतं म्हणून बाळाच्या नावाचा रकाना कोरा. त्यामुळे दाखल्यानुसार कुसुम नावाच्या बाईला एक निनावी मुलगा झाला आहे, आणि माझी बायको सुलभा हिचा त्यात कुठे संबंध येत नाही. शेवटी मुलाच्या पासपोर्टचं मागचं पान कामी आलं. आईबापाची नावं तिथे धडपणे छापलेली होती.

बाकीचं झालं कसंबसं. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, हसायचं नाही. ते मला जमतंच. विमा ३०,००० युरोंचा. आमच्या दोघांच्या आजवरच्या सगळ्या दुखण्यांची बेरीज केली, त्यात माझे गुडघे धरले, तरी तो आकडा येत नाही.

हमीपत्र मूळ प्रतच लागते, म्हणून ते कुरिअरने आलं. मी ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेवलं. अर्ज द्यायच्या दिवशी सकाळी बघतो तर फोल्डर रिकामा. हमीपत्र देवघरात गणपतीपुढे, वर सुपारी, आणि उजव्या कोपऱ्यात कुंकवाचं ठसठशीत बोट.

"अगं, काय केलंस हे!"

"पहिलं निमंत्रण देवाला असतं," ही म्हणाली. "हळद नाही लावली. म्हटलं, सरकारी कागद आहे."

ओल्या कापसाने पुसायला गेलो तर बोटाचा सूर्य झाला. रिक्षात आम्ही एकमेकांशी बोललो नाही. माणशी ९० युरो फी, सात आठवड्यांची वाट, पोराची जोखीम, आणि सगळं एका बोटावर अडलेलं. व्हिसा केंद्रातल्या खिडकीवरच्या मुलीने एकेक कागद उलटला, हमीपत्रापाशी थांबली, कोपरा नखाने हलकेच खरवडला, नखाकडे पाहिलं आणि मग हिच्या कपाळाकडे.

"काकू," ती म्हणाली, "झेरॉक्सला लावायचं ना!"

आणि कागद गठ्ठ्यात सरकवून दिला. पुढच्या खोलीत बोटांचे ठसे घ्यायचे होते. तिथल्या मुलाने हिचं उजवं बोट काचेवर ठेवायला सांगितलं, पडद्याकडे बघितलं आणि टिश्यूचा डबा पुढे केला.