कूलरचा तीव्र मध्यम

उन्हाळ्यात कूलर बंद करा, असं नागपुरात कोणी कोणाला सांगत नाही. मी सांगितलं. तेही मामांना, तेही मे महिन्यात दुपारी तीन वाजता, पारा ४५ वर असताना.

झालं असं, की माझं मॉड्युलर सिंथ, म्हणजे सुटे भाग वायरींनी जोडून आवाज काढायचं विजेचं वाद्य, घेऊन मी महाल भागात मामांकडे गेलो. खोकं उघडल्यावर वायरींचं जंजाळ बघून मामा म्हणाले, "टेलिफोन एक्सचेंज उचलून आणलं का बे?"

मी समजावलं. तुम्ही माइकसमोर वाजवायचं, यंत्रानं सूर ओळखायचा आणि त्याचं व्होल्टेज करायचं. ते व्होल्टेज सिंथला सांगणार, कुठल्या सुरात बोल. सूर एक सप्तक चढला, की १ व्होल्ट वाढतो. म्हणजे पेटीच्या पांढरी एकवरून शेजारच्या काळी एकवर गेलं, की साधारण ८३ मिलिव्होल्ट. साठच्या दशकात सिंथ बनवणाऱ्या रॉबर्ट मूग यांनी हा हिशेब धरला आणि पुढे तो बऱ्याच जणांनी उचलला. कॉर्ग कंपनीच्या १९७८ च्या एमएस-२० या सिंथमध्ये तर बाहेरचा सूर ओळखायची सोय आतच होती. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् पेटी चालते का याला?"

पेटी चालत नाही. मामांची पेटी बास-मेल, म्हणजे एक पट्टी दाबली की खालच्या आणि वरच्या सप्तकातले दोन सूर जोडीनं बोलतात. यंत्राला एका वेळी एकच सूर कळतो. मामांनी निवांत सा धरला आणि सिंथ या सप्तकातून त्या सप्तकात, जिन्यावर पोरं धावावीत तसं धावायला लागलं. "काऊन बे, याला घाई लागली का?" मामांनी भाता सोडला.

मग मामांनी काळी एकची बासरी काढली. बासरीचा आवाज साधा, सरळ. यंत्राला तो झटकन कळतो. कळलाही. पण मामांनी श्वास घ्यायला बासरी ओठांवरून काढली, की सिंथमधून खोल, घोगरा, अखंड सूर यायचा. मी वायरी तपासल्या, खटके फिरवले. शेवटी सूर मोजणारा ट्यूनर लावला, तेव्हा चोर सापडला. खिडकीतला कूलर! आपली वीज ५० हर्ट्झची आणि मोटर घुमते त्याच्या दुप्पट, १०० वर. काळी एकला सा धरला, तर हा नेमका तीव्र मध्यम, किंचित चढा. मामा बासरीवर भूप वाजवत होते. त्या रागात मध्यमच नाही.

म्हणून कूलर बंद केला. पाचव्या मिनिटाला मामांची बोटं घामानं भोकांवरून घसरायला लागली. न मागितलेल्या मिंडा, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येऊ लागल्या, आणि यंत्र त्या इमानदारीनं वाजवू लागलं. "हे आपली लाज काढून राह्यलं," असं म्हणत मामांनी स्वतः उठून कूलर लावला.

मग मी माइक आणि यंत्राच्या मधे, खालचे आवाज कापणारा फिल्टर जोडला. (हे आधीच सुचायला हवं होतं, पण उन्हात डोकं चालत नाही.) कूलर यंत्रापुरता गप्प झाला. मामांनी धैवतावरून पंचमावर एक लांब मींड घेतली. पेटीला जे जन्मात जमत नाही, ते व्होल्टेजला जमलं. मधे कुठे पायरी नाही, लोण्यासारखं घसरत आलं. मामांनी डोळे मिटले. मी श्वास रोखला.

"अहोऽऽऽ! तर्री पोहे थंड होऊन राह्यले!"

'अहो'मधला तो एकच लांब, ठाम, खणखणीत ओ. दिवसभरात यंत्रानं कुठलाच सूर इतका स्वच्छ पकडला नव्हता. खोलीतल्या स्पीकरनं मामीचीच हाक, मामीच्याच सुरात, तिला परत दिली.

स्वयंपाकघरात क्षणभर शांतता. मग मामी म्हणाली, "येतो म्हणा ना सरळ. बासरीतून काय उत्तर देता?"

मामा पटकन उठले. निघता निघता माइककडे बोट दाखवून मला हळूच म्हणाले, "ते बंद कर बे आधी."

तेही सिंथवर वाजलं.