पवई तलावाकडेही बघा

पवईत टॉवर आले आणि परिसराचं सोनं झालं, असं पवईवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय. जागेचे भाव वाढले, खरंय. पण तलावाचं काय? माझं लहानपण तलावाजवळच्या तिरंदाज गावात गेलं. मुंबईची तहान भागवायला १८९१ मध्ये बांधलेला हा तलाव. आज काठावर उभं राहिलं की आधी सांडपाण्याचा वास येतो, मग जलपर्णी दिसते, इतकी दाट की बगळे तिच्यावरून चालत जातात. आत मगरी आहेत हो, त्यांनी ऊन खायला यायचं कुठे? २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने इथला सायकल ट्रॅक बेकायदा ठरवला, तेव्हा फार बरं वाटलं होतं. आता नव्या इमारतींना परवानगी देण्याआधी त्यांचं सांडपाणी नेमकं कुठे जाणार, ते आम्हाला दाखवा.