‘विहिरीच्या पाण्याला कसलं आलंय सायकलिंग?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नव्या फिशटँकच्या सायकलिंगवर (म्हणजे मासे सोडण्याआधी फिल्टरमध्ये त्यांची घाण पचवणारे बॅक्टेरिया वाढवून घेणं) मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की सायकलिंग हे मुंबई-पुण्याच्या क्लोरीनवाल्या पाण्याचं खूळ, आपल्याकडे कोकणात विहिरीचं पाणी, मासे आज आणले आज सोडले तरी जगतात आणि मी लोकांना महिनाभर रिकामा टँक बघत बसवून टेस्ट किटवाल्यांचा धंदा करून देतोय. बरं. चिडलो नाही, पण उत्तर लांब होणारे.

क्लोरीनचा आणि सायकलिंगचा तसा संबंधच नाही. दुकानदार ‘पाणी दिवसभर ठेवा’ सांगतो ते क्लोरीन उडावा म्हणून, तेवढ्यापुरतंच. अमोनिया नळातून येत नाही हो, माशातून येतो, कल्ल्यांतून सतत सुटत असतो, वर उरलेलं खाणं कुजतं त्याचा वेगळा. त्याचं नायट्राइट करणारे बॅक्टेरिया (नायट्राइटपण विषारीच) आणि पुढे नायट्रेट करणारे दुसरे, हे मुख्यतः पाण्यात नाही तर फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात, म्हणून ते चार-सहा आठवडे. पाणी कितीही नितळ असो, नव्याकोऱ्या स्पंजवर ते नसतातच.

मलेरियावाले विहिरीत गप्पी सोडतात ते कसे जगतात, हा तुमचा प्रश्न. अहो विहिरीत पाणी किती, भिंतीवर शेवाळ किती, आणि तिथे कोणी दिवसातून तीनदा पाकिटातलं खाणं ओतत नाही!

आता तुमचं जिथे खरं आहे ते. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ आणि जरा आम्लाकडे झुकलेलं असतं. अशा पाण्यात अमोनिया बराचसा बिनविषारी रूपात राहतो. २५ अंशाला पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं पाणी आम्ल) ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी, तोच पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर. तुमचे मासे तगले ते ह्यामुळे.

पण गोम अशी की बॅक्टेरिया काम करताना पाण्यातले आम्ल मारणारे क्षार खर्च करतात, १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण ७ मिलिग्रॅम, आणि मऊ पाण्यात ते मुळातच कमी, ते संपले की पीएच घसरतो, ६ च्या आसपास गेला की बॅक्टेरिया जवळजवळ कामच सोडतात. अमोनिया साठत राहतो, मासे वरवर ठीक दिसतात. मग एक दिवस आपण एकदम अर्धं पाणी बदलतो, पीएच वर चढतो आणि तोच साठलेला अमोनिया विषारी होतो. सकाळी मासे उलटे. तुमच्याच कमेंटमध्ये आहे, ‘पहिले चार मेले, पण ते दुकानातूनच खराब आले होते.’ असतीलही, पण पाणी कोणी तपासलं होतं?

म्हणून आपल्याकडे तर पहिल्या दिवसापासून तिसऱ्यांची शिंपलं उकळून, घासून, जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवावीत, ती हळूहळू विरघळून हेच क्षार परत देतात. फुकटचं काम. बाटलीतले बॅक्टेरिया घ्या असं मी कुठेच म्हटलेलं नाही, किट मात्र घ्याच. अमोनियासाठी रोज चिमूटभर खाणं टाका नाहीतर कोळंबीचं एक डोकं (वास येतो, घरच्यांची बोलणी खायची तयारी ठेवा). घाई असेल तर ओळखीतल्या कोणाच्या जुन्या, निरोगी टँकमधला स्पंजचा तुकडा ओलाच आणून फिल्टरमध्ये ठेवायचा, विरजण लावल्यासारखा. तो नळाखाली धुवू नका, तिथे क्लोरीन खरंच आडवा येतो. अमोनिया दिल्यावर दिवसभरात तो आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसायला लागलं की मासे आणा.

राहिले तुमचे आत्ताचे दोन गोल्डफिश. त्यांना बाहेर काढायची गरज नाही. खाणं एक दिवसाआड करा, पाणी रोज थोडंथोडंच बदला, शिंपलंपण एकदम मूठभर नको, दोन-तीन घालून पीएच बघत बघत वाढवा. पावसात लाईट जास्त वेळ गेली तर स्पंज बंद फिल्टरात कोंडून ठेवू नका, टँकच्या पाण्यात उघडा सोडा, नाहीतर हवा नसल्याने आतले बॅक्टेरिया मरतात. आणि तुमच्या ४० लिटरच्या टँकमध्ये गोल्डफिश ठेवावेत का, त्यावर आपण वेगळं भांडू.