‘खा, नाहीतर गळ टाकू नका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया वाचली. राग वगैरे नाही आला, उलट बरं वाटलं की कुणीतरी शेवटपर्यंत वाचून भांडायला आलं, नाहीतर ‘मस्त’, ‘छान फोटो’ आणि ‘दादा कुठलं धरण’ यापुढे आमच्याकडे गाडी जातच नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मावळातल्या एका धरणावर गळाला लागलेली खडशी (महसीर म्हणा हवं तर) मी परत पाण्यात सोडली, तो फोटो टाकला होता. त्यावर यांचं म्हणणं असं की आधी जिवाच्या तोंडात लोखंड अडकवायचं, ओढून ओढून दमवायचं आणि मग सोडून देऊन दयाळूपणाचा फोटो काढायचा हे शुद्ध ढोंग आहे, धरला तर खा नाहीतर गळ टाकू नका. शिवाय हे सगळं इंग्रजांचं खूळ, त्यात भोई लोकांच्या, म्हणजे पिढ्यानपिढ्या मासेमारी करणाऱ्यांच्या, पोटावर पाय, आणि जाता जाता ‘घरचे कसे सहन करतात’ असंही विचारलंय. सगळ्याचं उत्तर देतो, फक्त सगळ्याला सारखा वेळ देणार नाही.

माशाला काही कळत नाही, त्याला दुखत नाही असं मी कुठेच लिहिलेलं नाही. आमच्या हौशी गळवाल्यांतले काही जण असं म्हणतात, मला ते पटत नाही. 2003 मधे एडिंबरोजवळच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमधे लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठात मधमाशीचं विष आणि ॲसिटिक ॲसिड टोचून पाहिलं होतं, तर मासे खायचे थांबले, डुलायला लागले, काही तर तळाच्या खडीवर ओठ घासत बसले. याला वेदना म्हणायचं की नुसती शरीराची प्रतिक्रिया यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत, पण मी आपला धरून चालतो की दुखतं. आणि तुमचा मुद्दा काही गावठी मुद्दा नाही बरं का, जर्मनीत तो जवळजवळ कायदाच आहे. तिथे प्राण्याला इजा करायला वाजवी कारण लागतं, खाणं हे कारण चालतं, वजन करून फोटो काढून सोडणं हे नाही चालत. स्वित्झर्लंडमधेही 2009 पासून मुळात सोडायच्याच इराद्याने मासा धरायला बंदी आहे.

पण तो नियम उचलून जसाच्या तसा आपल्या धरणावर आणून ठेवा आणि बघा काय होतं. आपल्या धरणांत कोण कोण आहे? कटला, रोहू, मृगळ हे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांतले मासे, साठलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. 1957 मधे ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांची पैदास करून दाखवली आणि तिथून पुढे देशभर हॅचरीचं, म्हणजे पैदास केंद्राचं, मत्स्यबीज मिळायला लागलं. म्हणजे धरणातला कटला हा बहुतेक वेळा कुणीतरी पैसे भरून सोडलेल्या बोटुकलीचा (बोटाएवढ्या पिल्लाचा) मोठा झालेला मासा. तो मी घरी आणतो, बिनदिक्कत आणतो. सायप्रिनस (कॉमन कार्प) तर परदेशातला, निलगिरीत 1939 मधे सिलोनमार्गे आला, नंतर 1957 मधे बँकॉककडची जात आली, आणि हा गडी साठलेल्या पाण्यातही आरामात वाढतो, तळ उकरून पाणी गढूळ करतो. त्याला परत सोडायचं मला तरी काही कारण दिसत नाही. उजनीत चिलापीने (तिलापिया, हाही बाहेरूनच आलेला) काय करून ठेवलंय ते भिगवणच्या मासळी बाजारात एक चक्कर मारली की कळतं.

आणि यांच्याच गोतातली खडशी, ती मात्र इथलीच. 1839 मधे साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने तिचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. आज त्या नदीत पुलावरून वाकून बघा काय दिसतं ते. देहूला इंद्रायणीच्या डोहात, महाडजवळ वाळणकोंडीत, पालघरमधल्या वाडा गावाजवळ तिळसेश्वराला देवाच्या नावाने राखलेले आहेत म्हणून हे मासे तिथे दिसतात तरी, लोक चुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीची जनावरं वर येतात. तिथे कुणी गळ टाकला तर तुमच्या आधी मी भांडायला येईन. पण उघड्या पाण्यात ‘धरला तर खाच’ हा नियम लावला तर हीच आधी संपणार, कारण ती सावकाश वाढते आणि मोठी मादी गेली की पुढच्या कित्येक वर्षांची अंडी गेली. म्हणजे तुमचा नियम माणसाचं मन साफ ठेवायला ठीक आहे हो, पण पाण्यासाठी नाही.

मग मुळात गळच टाकू नका, असं म्हणाल. ठीक. इथे एक गोष्ट सांगतो जी मला स्वतःला नीट पचायला वेळ लागला. कर्नाटकात कावेरीवर गलिबोरे नावाचा कॅम्प होता, देशोदेशीचे लोक महसीरसाठी यायचे, मासा धरायचा, वजन करायचं, वहीत लिहायचं, सोडायचा. 2012 च्या सुमारास ते बंद झालं. नंतर संशोधकांनी त्या वह्या उघडल्या, 1998 ते 2012 च्या नोंदी, आणि त्यात दिसलं की तिथला मूळचा मदार असलेला महसीर, म्हणजे पाठीवर उंचवटा असलेला, कमी कमी होत गेलाय आणि निळ्या परांचा भराभर वाढलाय. तो मदार असलेला मासा नक्की कुठल्या जातीचा हेसुद्धा 2018 मधे ठरलं आणि तो लगेच अतिधोक्यात असलेल्यांच्या यादीत गेला. आता मजा बघा, म्हणजे मजा कसली, निळ्या परांचा म्हणजे आपलीच खडशी. लोणावळ्याला वळवणला टाटांची महसीरची हॅचरी आहे, सत्तरच्या दशकापासून, तिथून पिल्लं देशभर गेली, चांगल्या हेतूनेच गेली, तशी कावेरीतही पोचली. म्हणजे सोडणं हे नेहमी पुण्यकर्मच असतं असं नाही, इथपर्यंत मी तुमच्या बरोबर येतो. पण हे कळलं कशावरून? गळवाल्यांच्या वह्यांवरून. त्या काठावर गळ घेऊन बसणारी, एकेक मासा लिहून ठेवणारी येडी माणसं नसती तर एक मासा नदीतून नाहीसा होतोय हे इतक्या लवकर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

आमचा ग्रुप काही संशोधकांचा नाही. एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आहेत, एक स्पेअर पार्टचं दुकानवाला, दोन आयटीवाले जे लॅपटॉप घेऊनच काठावर येतात, एक कॉलेजातली मुलगी जी आम्हा सगळ्यांपेक्षा लांब फेकते. ड्रायव्हरकाका पेंड, सत्तू आणि अजून काय काय मिसळून जो गोळा करतात त्याचा फॉर्म्युला त्यांनी सख्ख्या मुलाला सांगितलेला नाही, स्प्रिंगभोवती गोळा दाबताना आमच्याकडे पाठ करून बसतात. पण याच ग्रुपवर कुठे जिलेटीनचा बार उडवलाय, कुठल्या ओढ्यात मासे उलटे तरंगतायत, कुठे बारीक आसाचं (भोकांचं) जाळं लावून बोटाएवढी पिल्लं काढतायत हे सगळ्यात आधी येतं, फोटोसकट. वलगणीच्या दिवसांत, पहिल्या पावसाला मासे अंड्यांनी भरून प्रवाहावर चढायला लागतात तेव्हा आम्ही गळ गुंडाळून ठेवतो. त्याच वेळी रस्त्यालगतच्या ओढ्यांवर काठ्या आणि टोपल्या घेऊन जी जत्रा भरते तिथे जाऊन कधी ‘ढोंगी’ म्हणून बघा, मी बघायला येतो.

दमवायचं म्हणालात त्याबद्दल. दोरी बारीक लावून मासा अर्धा तास खेळवण्यात शौर्य आहे असं समजणारे लोक आहेत, मला ते आवडत नाहीत. तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) जाड लावायचा, मासा लवकर जवळ आणायचा. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच चेपून टाकायचा, म्हणजे गळ ओठातून सरळ मागे निघतो. परवाच्या खडशीचं सांगतो, ती पाण्याबाहेर काढलीच नाही पूर्ण, जाळीतच पाण्यात ठेवली, हात ओले केले (कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग बुरशी धरते), गळ काढला, एका हाताने शेपटीच्या मुळाशी धरलं, दुसरा हात पोटाखाली. कल्ले आधी भराभर उघडमीट करत होते, मग लय सावकाश झाली, खवले एवढे मोठे की नखाने एकेक मोजता यावा, कडांना पितळी झाक. शेपटीत जोर आला तसा मी हात सैल केला आणि तिने तोंडावर पाणी उडवून निरोप घेतला. फोटो सोबत्याने काढला, त्यात माझा चेहरा भिजलेल्या मांजरासारखा आलाय, तुम्हाला त्यात दयाळूपणा दिसला हे तुमचं मोठेपण.

इंग्रजांचं खूळ, हो, रॉड आणि रीळ तिकडूनच आलं. पण गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, कोकणातली पोरं इंग्रजांची वाट बघत बसली नव्हती. तिकडे कार्पवाल्यांचं जरा जास्तच आहे हे खरं. ‘टू-टोन’ नावाचा इंग्लंडमधल्या केंटचा कार्प 2010 मधे मेला, वजन तीस किलोच्या वर, तर त्याला तळ्याकाठी पुरला आणि लोक जमले. मला हे वाचून हसू आलं होतं. पण त्यांचीच हेअर रिगची युक्ती, म्हणजे आमिष गळावर न खोचता गळाबाहेर बारीक दोऱ्याला लटकवायचं, त्याने गळ पोटात न जाता ओठालाच लागतो. चांगलं दिसलं तर घ्यावं की, चहा नाही का घेतला.

भोई लोकांचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आणि तो तुम्ही एका ओळीत उरकलात. धरणाचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे असतो तिला विचारल्याशिवाय आम्ही बसत नाही, आणि कटला घेतला तर किलोमागे पैसे देतो, कारण बोटुकली त्यांनी सोडलेली असते. सगळे हौशी असं करतात का? नाही करत. आणि काठावर तंगूस तोडून टाकून जाणारे, ज्यात बगळे अडकतात, ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं लावणाऱ्याच्या जाळ्यात गळ अडकवून वर त्यालाच शिव्या देणारे, तेही आमच्यातलेच. त्यांच्याबद्दल जे लिहिलंत त्यातला एक शब्दही मी खोडणार नाही, फक्त मला त्यांच्या रांगेत बसवू नका. बक्षिसाच्या स्पर्धांना मी जात नाही. तिथे तुमचा मुद्दा अजून जोरात लागू होतो, त्यावर वेगळं लिहीन.

राहिलं घरच्यांचं. बायकोला सायप्रिनस आवडत नाही, चिखलाचा वास येतो म्हणते, आणि येतोच, मीठ-चिंच लावून ठेवला तरी थोडा राहतोच. कटला चालतो, पण मधले तुकडे फक्त. डोकं शेजारच्या बंगाली काकूंकडे जातं, त्या ते मूगडाळीत घालतात आणि संध्याकाळी एक वाटी आमच्याकडे परत येते. फ्रीजरमधल्या डब्यावर ‘गांडुळं, उघडू नये’ अशी चिठ्ठी मीच लावलीय, तेवढ्यावरून भांडण झालं होतं, ते मिटलंय.