ॲसिड अंगावर पडलं तर आधी पाणीच! ‘सोडा चोळा’ सांगणाऱ्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सूचना पुन्हा पुन्हा फिरते. तिचा मजकूर थोड्याफार फरकाने असा: ‘प्रयोगशाळेत ॲसिड अंगावर उडालं तर पाणी घालू नका, पाण्याने ॲसिड उकळतं. लगेच खाण्याचा सोडा चोळा. डोळ्यात गेलं तर दूध घाला. तोंडात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढा. नंतर हळद किंवा टूथपेस्ट लावा.’ काही ठिकाणी हाच मजकूर छापून प्रयोगशाळेच्या भिंतीवरही चिकटवलेला असतो. सूचना करणाऱ्याचा हेतू चांगला आहे, पण यातली जवळजवळ प्रत्येक ओळ मुलाचं नुकसान वाढवणारी आहे. म्हणून एकेक ओळ तपासू.

‘पाण्याने ॲसिड उकळतं’

हे अर्धसत्य आहे आणि ते भलत्या जागी लावलं आहे. द्रावण तयार करताना ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, हा नियम बरोबरच आहे. संहत, म्हणजे जवळजवळ पाणी नसलेल्या सल्फ्युरिक ॲसिडची घनता पाण्याच्या 1.84 पट असते. त्यावर थोडं पाणी पडलं की ते वरच तरंगतं, दोन थरांच्या सीमेवर प्रचंड उष्णता निघते आणि वरचं पाणी उकळून ॲसिडसकट उडतं. 1 मिली ॲसिडमध्ये 1 मिली पाणी मिसळलं तर मिश्रण 100 अंशांच्या वर जातं.

पण हातावर पडलेल्या ॲसिडचा पातळ थर आणि वाहता नळ यांचा हिशेब वेगळा आहे. 98 टक्के सल्फ्युरिक ॲसिडच्या 1 मिलीत सुमारे 0.018 मोल ॲसिड असतं. भरपूर पाण्यात ते पूर्ण विरल होताना साधारण 1.7 किलोज्यूल उष्णता निघते. एक लिटरची बाटली 10 सेकंदांत भरणारा नळ सेकंदाला 100 मिली पाणी देतो. ती सगळी उष्णता त्या एका सेकंदाच्या पाण्याने घेतली तरी त्याचं तापमान चारेक अंशांनीच वाढतं, आणि ते पाणी तोवर बेसिनमध्ये गेलेलं असतं. धोका आहे तो थोड्या पाण्याचा. ओला रुमाल दाबणं किंवा वॉश बॉटलने चार थेंब शिंपडणं घातक आहे. मुलाचा हात थेट नळाखाली धरायचा, नळ पूर्ण सोडायचा आणि निदान 20 मिनिटं तिथेच ठेवायचा. आग दोन मिनिटांत कमी झाल्यासारखी वाटते आणि मूल हात काढून घेतं. तिथे शिक्षकांनी ठाम राहायला हवं, कारण त्वचेत शिरलेलं रसायन हळूहळूच बाहेर निघतं.

नियमाला मोजके अपवाद आहेत. कळीच्या चुन्याची कोरडी पूड अंगावर पडली तर आधी कोरड्या ब्रशने किंवा कापडाने झटकायची, मग भरपूर पाणी. लॅसेन चाचणीसाठी (सेंद्रिय पदार्थातली मूलद्रव्यं ओळखण्यासाठी) कापलेल्या सोडियमचा कण त्वचेला चिकटला तर तो आधी चिमट्याने उचलायचा, मग पाणी. फिनॉल पाण्यात कमी विरघळतं, शिवाय ते त्वचा बधिर करतं, त्यामुळे पांढरा डाग पडेपर्यंत मुलाला काही जाणवतच नाही. त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल 300 किंवा 400 या फिनॉल विरघळवणाऱ्या द्रवात भिजवलेल्या कापसाने वारंवार पुसणं उत्तम. ते हाताशी नसेल तर त्याच्या शोधात वेळ घालवू नये, जोरदार पाण्याखाली धरावं.

‘लगेच सोडा चोळा’

या मुद्द्यावर उलट बाजूनेही एक चूक होते. ‘सोड्याने उदासिनीकरणाची उष्णता निघून जास्त भाजतं’ असं उत्तर सर्रास दिलं जातं. विरल हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि खाण्याचा सोडा यांच्या बाबतीत ते खरं नाही. ते मिश्रण उलट किंचित गार होतं, थर्मामीटर लावून वर्गातही पाहता येईल. कॉस्टिक सोड्यासारख्या तीव्र अल्कलीने (पाण्यात विरघळणाऱ्या बेसने) मात्र मोलमागे सुमारे 57 किलोज्यूल उष्णता निघते. संहत सल्फ्युरिकवर कोरडा सोडा टाकला तर अभिक्रियेत तयार होणारं पाणी उरलेलं ॲसिडच शोषून घेतं आणि तापतं.

सोड्याला नकार देण्याची खरी कारणं वेळ आणि प्रमाण ही आहेत. 1 मिली संहत सल्फ्युरिकला पुरा पडायला सुमारे 3.1 ग्रॅम सोडा लागतो आणि त्यातून जवळपास 900 मिली कार्बन डायऑक्साइड निघतो. हा फेस ॲसिडचे कण उडवत कोपरापर्यंत, गळ्यापर्यंत नेतो. शिवाय पूड ओली होऊन वर पापुद्रा धरते. फसफस थांबलेली दिसते, पण खाली ॲसिड तसंच असतं. चोळण्याने आधीच दुखावलेली त्वचा सोलवटते. पूड नको म्हणून 5 टक्के द्रावण वापरायचं ठरवलं, तरी त्याच 1 मिलीसाठी 60 मिलीहून जास्त द्रावण लागेल. तेवढं पाणी नळातून एका सेकंदाच्या आत येतं, आणि नळ गाठायला कपाटाची किल्ली शोधावी लागत नाही.

अल्कली सांडल्यावर व्हिनेगर किंवा लिंबू लावण्याचा सल्लाही याच कारणांनी सोडून द्यावा.

‘कपडे काढू नका, कातडी निघेल’

काही आवृत्त्यांत हेही असतं. ॲसिडने भिजलेला गणवेश अंगावर राहिला तर तो पोटिसासारखं काम करतो. नळाखाली उभं करूनच कपडे काढायचे. सदरा डोक्यावरून ओढू नये, तो चेहऱ्यावरून जातो. समोरून कात्रीने कापावा. बूट-मोजे, घड्याळ, बांगड्या, मनगटावरचे धागे विसरू नयेत, त्यांच्याखाली ॲसिड अडकतं. कापड त्वचेला चिकटलंच असेल तर तेवढा तुकडा सोडून भोवतीचं कापावं आणि पाणी चालू ठेवावं. मुलींसाठी चादर किंवा जुना ॲप्रन प्रयोगशाळेत ठेवलेला असला तर संकोचात मिनिटं जात नाहीत.

‘डोळ्यात दूध घाला’

दूध नाही, गुलाबपाणी नाही, बोरिक पावडर नाही. फक्त पाणी, तेही निर्जंतुक बाटली शोधत न बसता नळाचं. बाधित डोळा खालच्या बाजूला येईल असं डोकं कलंडवायचं, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जात नाही. पापण्या वेदनेने घट्ट मिटतात, म्हणून दुसऱ्या कुणीतरी बोटांनी त्या उघड्या धरायच्या. पाणी नाकाकडून कानाकडे वाहू द्यायचं. कॉन्टॅक्ट लेन्स धुता धुताच काढायची.

इथे अल्कलीबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण ‘ॲसिड धोकादायक, बेस सौम्य’ अशी समजूत खोल बसली आहे. ॲसिडने प्रथिनं गोठतात आणि तो थर पुढच्या प्रवेशाला थोडा तरी अडथळा करतो. सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच कॉस्टिक सोडा, मेदाचा साबण करतं, पेशी विरघळवतं आणि आत शिरतच राहतं. बुबुळासाठी फेहलिंगचं ‘ब’ द्रावण (साखरेच्या चाचणीतलं, कॉस्टिक सोडा असलेलं) किंवा 10 टक्के कॉस्टिक सोडा विरल ॲसिडपेक्षा कितीतरी वाईट. घरात तंबाखूच्या डबीतला चुना लहान मुलाच्या डोळ्यात गेला तर तोही याच जातीचा अपघात आहे. अल्कली असेल तर 30 मिनिटं किंवा जास्त धुवावं, आणि वेदना थांबली तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावं.

‘उलटी काढा’

अजिबात नाही. अन्ननलिकेतून एकदा खाली गेलेलं ॲसिड उलटीत तीच अन्ननलिका पुन्हा जाळतं, आणि श्वासनलिकेतही जाऊ शकतं. सोडा पाजला तर पोटात वायू फुगतो. तोंड पाण्याने खळखळून थुंकायला लावा, 108 ला फोन करा आणि बाटलीवरच्या लेबलचा फोटो सोबत द्या.

मुळात रसायन तोंडात जातं ते बहुतेकदा पिपेट (द्रव मोजून घेण्याची काचेची नळी) तोंडाने ओढल्यामुळे. पोटॅशियम परमँगनेटच्या अनुमापनासाठी (टायट्रेशनसाठी) 10 मिली ऑक्झॅलिक ॲसिड घेताना पिपेटचं टोक द्रावणाबाहेर आलं की हवा शिरते आणि द्रावण झटक्यात वर येतं. तोंडाऐवजी पिपेट ओढायचा रबरी बल्ब स्वस्त असतो, प्रत्येक टेबलावर एक असावा.

‘हळद किंवा टूथपेस्ट लावा’

काही लावू नये, बर्फही नाही. धुऊन झाल्यावर स्वच्छ, सैल, कोरडं कापड पुरे. डॉक्टरांना जखमेचा रंग दिसायला हवा.

संदेश ज्याबद्दल बोलतच नाही

अपघात बहुतेकदा ठरलेल्या जागी होतात. नायट्रेटच्या ब्राउन रिंग चाचणीत क्षाराचं द्रावण आणि ताजं फेरस सल्फेट वर, संहत सल्फ्युरिक खाली असे दोन थर असतात. चाचणी जमली म्हणून मूल खूश होतं आणि टेस्ट ट्यूब तशीच हलवून धुवायला नेतं. थर मिसळतात, द्रव उसळतो. ती टेस्ट ट्यूब बीकरमधल्या निदान 250 मिली पाण्यात हळूहळू रिकामी करायची. क्लोराइडच्या चाचणीत ॲसिडसह तापवलेली नळी गार होण्याआधी नळाखाली धरली तरी तेच होतं. ॲसिड बाटलीतून न ओतता ड्रॉपरने, नळीच्या भिंतीवरून सोडलं, नळीचं तोंड कुणाकडेच नसलं आणि डोळ्यांवर गॉगल असला तर वरचे निम्मे परिच्छेद लागणारच नाहीत. नंबरचा चष्मा गॉगलची जागा घेत नाही, तो बाजूने उघडा असतो.

डोळे धुण्यासाठी वेगळं यंत्र नसेल तर एका नळाला मीटरभर स्वच्छ रबरी नळी कायमची बसवावी. नळ आधीच असा लावून ठेवावा की धार मंद आणि सलग येईल. आठवड्यातून एकदा ती दोन-तीन मिनिटं वाहू द्यावी, साचलेलं गढूळ पाणी निघून जातं. अमेरिकी मानकात डोळ्यांसाठी मिनिटाला किमान 1.5 लिटर, सलग 15 मिनिटं, म्हणजे साडेबावीस लिटर धरलं आहे. जिथे उन्हाळ्यात नळ कोरडे पडतात तिथे तोटी लावलेले 20 लिटरचे दोन जार भरल्याशिवाय त्या दिवशीचं प्रात्यक्षिक सुरू करू नये.

सोड्याची जागा फरशीवर आणि टेबलावर आहे. ॲसिड सांडलं तर आधी मुलांना दूर करावं, हातमोजे घालावेत, कडेकडून मध्याकडे सोडा पसरावा, काठीने ढवळावा, नवी चिमूट टाकूनही फसफस होत नाही असं दिसेपर्यंत थांबावं आणि मग भरपूर पाण्याने पुसून घ्यावं. दोन किलोचा डबा दाराजवळ, झाकणावर ‘फक्त फरशी व टेबलासाठी’ असं ठळक लिहून ठेवावा.