पट्टा उतरवण्याआधी फोटो मुळीच काढू नका

रविवारी पोहे खाऊन झाले की गाडीचं बॉनेट उघडा. इंजिनाचा पुढचा पट्टा गेले दोन महिने किंचाळतोय, आणि गॅरेजवाल्याला पैसे मोजायला तुम्ही काय अडाणी आहात? इंजिनिअर आहात. (सिव्हिल असलात म्हणून काय झालं!) टेन्शनरला (म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीला) पाना लावून दाबा, पट्टा ढिला पडेल, तो सरळ ओढून काढा आणि फरशीवर टाका.

त्याआधी मोबाइलवर एक फोटो काढावा असा मोह होईल. तो आवरा. पट्टा कुठून कुठे जातो यात लक्षात ठेवण्यासारखं आहे काय? खाली क्रँकची पुली, वर अल्टरनेटर, बाजूला एसीचा कॉम्प्रेसर, मध्ये पाण्याचा पंप. शिवाय एक आयडलर पुली. ती स्वतः कसलंच काम करत नाही, नुसती फिरते आणि पट्ट्याला वळण लावते. तज्ज्ञ समिती म्हणा हवं तर. बॉनेटखाली आकृतीचा स्टिकर असतो, तोही वाचू नका. स्टिकर वाचून काम करायचं तर मग अनुभवाला काय किंमत?

खाचांच्या पुलीवर पट्ट्याची खाचांची बाजू आणि गुळगुळीत पुलीवर पाठ, असं जाणकार सांगतील. ऐकून घ्या आणि पाण्याच्या पंपाच्या गुळगुळीत पुलीवरून पट्टा मनाला येईल तसा फिरवा. पुरत नाही? मार्ग चुकला अशी शंकासुद्धा मनात आणू नका. दुकानात जा आणि लांब पट्टा मागा. ६पीके१७५० म्हणजे सहा रेघांचा, १७५० मिलिमीटरचा. तो आखूड पडला तर १८५० चा आणा.

ही युक्ती माझी नाही, पुण्याची आहे. १९८७ च्या विकास आराखड्यात शहराच्या आतून फिरणारा एक वर्तुळाकार मार्ग आखला होता, साधारण ३६ किलोमीटरचा. एचसीएमटीआर, म्हणजे हाय कपॅसिटी मास ट्रान्झिट रूट. बाळाचं नाव इतकं अवघड ठेवल्यावर ते चालायला कधी लागणार? तो बसेना, तेव्हा लांब पट्टा आणायचं ठरलं: शहराबाहेरून रिंग रोड, ११० मीटर रुंद, १०० किलोमीटरहून लांब. उर्से, वरवे, सोळू असं करत फिरणारा. स्टिकर तर झकास छापलेत. दर काही वर्षांनी नवा निघतो आणि प्रत्येक वेळी पट्टा थोडा वेगळ्या पुलीवरून जातो. ज्यांच्या शेतातून जातो ते टेन्शनर. सगळा ताण त्यांच्यावर.

लंडनच्या एम-२५ या रिंग रोडचं उदाहरण देणारा एखादा पाहुणा भेटेलच. १८८ किलोमीटर, १९८६ मध्ये थॅचरबाईंच्या हस्ते पूर्ण. त्याला हळूच सांगा की तोही डार्टफर्डला थेम्स ओलांडताना नंबर बदलून ए-२८२ होतो, म्हणजे वर्तुळ कागदोपत्री तिथेही तुटकंच. आणि लवकरच तो इतका तुंबला की रुंद करत बसावं लागलं. बीजिंगमध्ये तर मोजणी थेट दुसऱ्या रिंग रोडपासून सुरू होते, पहिला महामार्ग म्हणून कधी बांधलाच नाही. आपणही तसंच सांगायला काय हरकत आहे?

तेवढ्यात तुमचा पट्टा बसला असेल. चावी फिरवा. गाडी चालू होते! अल्टरनेटर उलटा फिरला तरी बिचारा बॅटरी चार्ज करतोच, त्यामुळे लाल दिवासुद्धा लागत नाही. पंप मात्र उलटा फिरला की पाणी नीट ढकलत नाही, पण ते कळायला गाडी जरा तापावी लागते. म्हणून घराजवळ चक्कर मारू नका, थेट कात्रज-देहूरोड बायपासला लागा. हा बायपास शहराला वळसा घालायला बांधला होता. शहरानेच वारजे, बावधन, बाणेर, वाकड करत त्याला वळसा घातला. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे स्फोटकांनी पाडला, पुढच्या ऑगस्टमध्ये नव्या पुलांचं उद्‌घाटन झालं, आणि आता कुठला फाटा कुठे उतरतो हे ठरवायला तिथेही बॉनेटखालच्यासारखा एक स्टिकर हवा आहे.

तिथेच कुठेतरी चुकीच्या फाट्यावर तापमानाचा काटा लाल रेघेवर जाईल आणि बॉनेटमधून वाफ येईल. घाबरू नका. रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका (हा एवढा सल्ला खरा आहे). टोइंगवाल्याला फोन करा. तो तास-दीड तासाने येईल, कारण तोही बायपासनेच येतो. वाकून आत बघेल, पट्ट्यावरून बोट फिरवेल आणि विचारेल, "साहेब, काढायच्या आधी फोटो काढला होता का?"